नव्या ट्रकचं स्टेअरिंग आणि वॉरंटीचं जॉब कार्ड

नव्या ट्रकचं स्टेअरिंग कुरकुरायला लागलं की मालक वर्कशॉपमध्ये जाऊन बहुधा एवढंच सांगतो, 'स्टेअरिंग बरोबर नाही, बघा जरा.' वॉरंटीचं प्रकरण तिथेच ढिलं पडतं. स्टेअरिंग बरोबर नसण्याचे प्रकार अनेक आहेत. प्रत्येकाचं मूळ वेगळ्या जागी असतं, आणि त्यातली काही मुळं कंपनीच्या खात्यात जातात, काही मालकाच्या. म्हणून गाडी नेमकं काय करते ते आधी ओळखायचं आणि मग तक्रार लिहायची.

चालकाचा हात चाकापर्यंत पोचतो कसा? स्टेअरिंगचा दांडा युनिव्हर्सल जॉइंटमधून स्टेअरिंग बॉक्समध्ये उतरतो. बॉक्सचा ड्रॉप आर्म मागेपुढे हलतो आणि ड्रॅग लिंक ढकलतो. आपल्याकडच्या गाड्यांत ड्रॅग लिंक उजवं चाक वळवते आणि टाय रॉड तेच वळण डाव्या चाकाला देतो. दोन्ही चाकं किंग पिनवर फिरतात. भरलेल्या ट्रकची पुढची चाकं वळवण्याचा जोर मात्र हातात नसतो. इंजिनावर चालणारा पंप तेलाचा दाब बॉक्सला पुरवतो, तो जोर त्या दाबाचा.

आता 'जड' घ्या. जड म्हणजे कधी जड? इंजिन आयडलला असताना जड आणि रेस दिल्यावर हलकं होत असेल, तर संशय पंपावर, तेलाच्या पातळीवर किंवा फिल्टरवर जातो. टाकीतल्या तेलाला फेस आला असेल आणि वळवताना घुरघुर ऐकू येत असेल, तर कुठून तरी हवा ओढली जाते आहे. एकाच बाजूला जड असेल, तर बहुधा दोष बॉक्सच्या आतल्या व्हॉल्व्हमध्ये असतो. वर्कशॉपमध्ये पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून, ड्रॅग लिंक सोडवून, चाकं हाताने फिरवून बघतात. तरीही ती अडत असतील, तर किंग पिनला ग्रीस पोचलेलं नाही किंवा त्याचं बेअरिंग घट्ट बसलं आहे. हा दोष घाटात लवकर कळतो. कुंभार्लीसारख्या घाटात वळण संपलं की स्टेअरिंग आपोआप बरंचसं सरळ व्हायला हवं. प्रत्येक वेळी ते ओढून आणावं लागत असेल, तर ही गोष्ट तक्रारीत वेगळी लिहा.

'गाडी डावीकडे ओढते' ही तक्रार वेगळी, आणि बरेचदा ती स्टेअरिंगची नसतेच. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे डावीकडे थोडी ओढ राहणारच. शक्यतो सपाट रस्त्यावर तपासा. आधी पुढच्या दोन्ही टायरांची हवा मोजा. मग ते टायर एकमेकांच्या जागी बसवून बघा. ओढण्याची बाजू बदलली, तर दोष टायरचा, आणि त्याचा क्लेम टायर कंपनीकडे वेगळा जातो. न बदलल्यास थोडं अंतर चालवून चाकांजवळ हात न्या, ड्रमला लावू मात्र नका. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापला असेल, तर त्या बाजूचा ब्रेक चिकटतो आहे. तरीही उलगडा झाला नाही, तर दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. फरक निघाला, तर ॲक्सल जागचा सरकला आहे. यू-बोल्ट ढिले असणं किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटणं ही त्याची नेहमीची कारणं. नव्या गाडीचे पाटे बसतात, म्हणूनच पहिल्या सर्व्हिसला यू-बोल्ट पुन्हा आवळतात. ती सर्व्हिस चुकवू नये असं मी आग्रहाने सांगतो.

तिसरी तक्रार प्लेची, म्हणजे स्टेअरिंग थोडं फिरवूनही चाक न वळणाऱ्या ढिलेपणाची. तो तपासायला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, चाकांना लाकडी ठोकळे, इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बाजूला सुरक्षित उभं राहून कोणत्या जोडापाशी हालचाल हरवते ते बघायचं. मोबाइलवर तेवढाच व्हिडिओ काढा. शंभर वाक्यांनी होणार नाही ते त्याने होतं.

प्ले अचानक वाढला, तेल गळायला लागलं किंवा स्टेअरिंग मध्येच अडकलं, तर गाडी वर्कशॉपपर्यंत चालवत नेऊ नका. भाडं बुडेल, ग्राहक ओरडेल, तरीही जागेवर थांबवून ब्रेकडाउन सेवेला बोलवा. त्या स्टेअरिंगच्या पुढे रस्त्यावर माणसं असतात.

वॉरंटीचा व्यवहार कसा चालतो हे समजलं, की वर्कशॉपशी भांडण निम्मं कमी होतं. दुरुस्ती डीलर करतो, पण तिचे पैसे त्याला कंपनीकडून मिळवायचे असतात. त्यासाठी तो क्लेम भरतो आणि काढलेला भाग जपून ठेवतो. कंपनी तो मागवून तपासू शकते. पुरावा कच्चा असला की क्लेम नामंजूर होतो आणि खर्च डीलरच्या अंगावर येतो. त्याची चालढकल बरेचदा या भीतीपोटी असते. तुमची तक्रार जितकी नेमकी, तितका त्याचा क्लेम भक्कम.

म्हणून जॉब कार्डवर 'स्टेअरिंग चेक करणे' एवढंच लिहू देऊ नका. 'रिकामी गाडी, आयडलला, उजवीकडे वळवताना जड. रेस दिल्यावर हलकं' असं लिहून घ्या. किलोमीटर आणि तारीख तपासा, सही करा, प्रत मागा. ट्रायलला तुमच्या चालकालाच पाठवा, दोष कोणत्या रस्त्यावर आणि किती लोडवर दिसतो ते त्याला ठाऊक असतं. गाडी परत घेताना काय तपासलं आणि काय बदललं ते लेखी घ्या. दोष सापडला नाही, तर तेही लिहून मागा. तीच तक्रार पुन्हा आली, तर नव्या जॉब कार्डात जुन्याचा क्रमांक घालायला सांगा. नाहीतर प्रत्येक फेरी कागदावर पहिलीच ठरते.

क्लेम नाकारण्याची कारणं वॉरंटीच्या पुस्तिकेत आधीच छापलेली असतात. बाहेरच्या गॅरेजमध्ये बॉक्स उघडणं, सांगितलेल्या ऐवजी भलतंच तेल टाकणं, सर्व्हिस चुकवणं, ओव्हरलोड. दोन ॲक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा २०१८ मध्ये १६.२ वरून १८.५ टन झाली, पण तुमच्या गाडीची मर्यादा आरसी बुकात लिहिलेली तीच. वजनकाट्याच्या पावत्या जपा, वाद झाला तर त्या उपयोगी पडतात. बॉडीकडे मालकाचं सहसा लक्ष जात नाही. चेसिस घेऊन बॉडी बाहेर बांधली आणि बिल्डरने चेसिसवर मनमानी वेल्डिंग किंवा ड्रिलिंग केलं, तर दोष त्याच्यावर ढकलायला कंपनीला जागा मिळते. शिवाय वॉरंटीचे दिवस सहसा विक्रीच्या तारखेपासून धावतात. बॉडी बिल्डरच्या आवारात गेलेले आठवडेही त्यातच धरले जातात.

दोन-तीन फेऱ्यांनंतरही दोष तसाच असेल, तर सर्व्हिस ॲडव्हायझरशी घातलेला वाद पुरे. सगळ्या जॉब कार्डांच्या प्रती जोडून वर्क्स मॅनेजर आणि कंपनीचा विभागीय सर्व्हिस अधिकारी यांना ईमेल करा आणि कंपनीच्या इंजिनिअरकडून एकत्र तपासणी मागा. तिथेही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि त्यापुढे ग्राहक आयोग. 'ट्रक धंद्याचा, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असं कुणी सांगितलं, तर लगेच मान्य करू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. स्वतः ट्रक चालवणारा मालक ग्राहक ठरतो, मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरीही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात म्हटलं आहे. दहा गाड्यांच्या मालकाला हा आधार मिळणं अवघड. खरेदीची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तिथे वादाचा मुद्दा निर्मितीतल्या दोषाचा असतो, म्हणून तज्ज्ञाचा तपासणी अहवाल लागतो. तो येईपर्यंत बाहेरच्या मिस्त्रीकडून बॉक्स उघडून घेऊ नका.

तोच दोष त्याच मॉडेलच्या इतर ट्रकांतही दिसत असेल, तर मोटार वाहन कायद्यातलं कलम ११० अ पाहा. जिवाला धोका निर्माण करणाऱ्या दोषासाठी केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. ही व्यवस्था १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे आणि मालकाला वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. चेसिस क्रमांक आणि जॉब कार्डं जवळ ठेवूनच ती भरायला बसा.