पाय जुळला, पण घर सावरले का?

सास्तूर भागात ‘पाय मोडला’ म्हटले की जुन्या माणसांना ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आठवते. आता माझ्याकडे येणारे बहुतेक मोडके पाय मोटारसायकलवरून पडलेल्यांचे असतात.

परवा एक शेतमजूर आला. नडगीत सळई घालून तीन महिने झाले होते. हाड जुळत आले होते, पण गुडघा वाकत नव्हता. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, ऑपरेशन फुकट झालं, पण म्हैस विकावी लागली.”

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मान्यताप्राप्त रुग्णालयात शस्त्रक्रियेचा खर्च भागतो. बुडालेली मजुरी, तपासणीच्या खेपा आणि सोबतच्या माणसाचे खाडे मात्र घरावरच पडतात. नडगी जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात, हे धरूनच सोय करावी.

सर्जनला विचारून लवकरात लवकर घोटा हलवणे, मांडी आवळणे, गुडघा वाकवणे सुरू करावे. याला पैसा लागत नाही. विडी-तंबाखू सोडावी, तिने हाड उशिरा जुळते. जखमेतून पू आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सळई प्रत्येकाची काढावीच लागते असे नाही. दुसऱ्या ऑपरेशनसाठी कर्ज काढण्याआधी नीट विचारून घ्या.

त्या मजुराला व्यायाम शिकवला. तीन महिने आधी शिकवला असता, तर तो एव्हाना मांडी घालून जेवायला बसला असता.