पऱ्हाटीचा कोळसा आणि मातीतले विष

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की विदर्भातल्या शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो तो पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा. शेतात उभी ठेवावी तर किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते, म्हणून कृषी खाते सांगते, उपटा आणि नष्ट करा. थोडी चुलीला जाते, थोडी कुंपणाला, उरलेली धुऱ्यावर रचून पेटवली जाते आणि मागे मूठभर राख उरते. हीच पऱ्हाटी हवा मोजून-मापून जाळली तर वाळल्या वजनाच्या साधारण पाव भाग कोळसा हाती लागतो. चुलीऐवजी माती-पाण्यासाठी केलेल्या अशा कोळशाला बायोचार म्हणतात.

त्याची सर्वांत स्वस्त भट्टी म्हणजे खड्डा. वर रुंद, खाली निमुळता. तळाशी काटक्या रचून आग लावायची ती वरून. ज्वाळा वरच राहते, येणारी हवा तीच खाऊन टाकते आणि खालच्या थरापर्यंत काही पोहोचू देत नाही. वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाकायचा. घाई केली तर धूर कोंदतो, उशीर झाला तर कोळशाचीच राख होते, म्हणून भट्टीवरच्या माणसाची नजर राखेवरून हलत नाही. काम जमले की धूर जवळजवळ नसतोच, कारण लाकडातून सुटणारा वायू ज्वाळेतच जळून जातो. खड्डा भरला की पाणी ओतून विझवायचे, आणि तेही सढळ हाताने. पोटात एखादा निखारा धुमसत राहिला तर सकाळपर्यंत सगळ्या मेहनतीची राख.

थंड झालेला चांगला कोळसा घमेल्यात ओतला की काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणतो. दुसरी परीक्षा हाताची. बोटांना लागलेली काजळी नुसत्या पाण्याने निघाली तर भाजणी ठीक. साबण लागला तर समजावे, आत डांबर राहिले आहे. मातीतले विष आवरायला नेलेल्या कोळशातूनच नवे विष जायला नको.

स्वित्झर्लंडमधल्या इथाका संस्थेच्या हान्स-पीटर श्मिट यांनी २०१४ च्या सुमारास हीच रीत पत्र्याच्या शंकूत बसवली आणि तिला ‘कोन-टिकी’ नाव दिले. इकडे हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने तेलाच्या जुन्या पिंपाची भट्टी केली, आणि तिच्यात कापूस, तूर, एरंडी, मका यांची धाटे भाजून पाहिली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला तर उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याच्या कामासाठी २००२ सालीच ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. तो कोळसा मात्र चुलीसाठी होता.

आता मुख्य गोष्ट. झाडाच्या पेशींचा सांगाडा भाजणीत तसाच टिकतो, त्यामुळे कोळसा आतून छिद्राछिद्रांचा असतो. चांगल्या भाजलेल्या एक ग्रॅम कोळशाच्या आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ काहीशे चौरस मीटर भरू शकते. कीडनाशकांचे, तेलकट रसायनांचे रेणू या भिंतींना चिकटतात. कॅडमियम, शिसे यांचे गणित वेगळे. कोळशातली राख मातीचा सामू वाढवते, मग हे धातू न विरघळणाऱ्या रूपात जातात आणि मुळांच्या वाट्याला कमी येतात. ते नाहीसे होत नाहीत, एवढे पक्के ध्यानात ठेवावे. जागच्या जागी बांधले जातात, इतकेच.

आणि प्रत्येक विष बांधले जात नाही. संशोधक ल्यूक बीझली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली इंग्लंडमधल्या अनेक विषांनी माखलेल्या मातीत बायोचार आणि पालापाचोळ्याचे कंपोस्ट घालून पाहिले. बायोचारमुळे मातीतल्या पाण्यातले कॅडमियम दहापटीने घटले, डांबरी जातीची जड संयुगे निम्म्याहून कमी झाली. त्याच मातीत विरघळलेले तांबे आणि आर्सेनिक मात्र तीस पटींहून अधिक वाढले. सामू चढला, विरघळणारा सेंद्रिय कर्ब वाढला आणि बांधलेले आर्सेनिक सुटे झाले. एकाच शेतात एक चोर पकडायचा आणि दुसऱ्याला दार उघडून द्यायचे, असा हा प्रकार. बायोचारच्या जाहिरातीत हा भाग सहसा येत नाही.

पाण्याच्या बाबतीत जोश कर्न्स या अमेरिकी अभियंत्याचे थायलंडमधले काम पाहण्यासारखे आहे. खेड्यात मिळणाऱ्या पिंपांत त्यांनी खडी, वाळू आणि कोळसा यांची गाळणी उभी केली. गढूळपणा खडी धरते, वाळूत वाढणारे सूक्ष्मजीव घाण खातात, कोळशाच्या वाट्याला कीडनाशके येतात. २-४-डी या तणनाशकावर केलेल्या त्यांच्या चाचण्यांत कमी आचेवर केलेला कोळसा फारसा उपयोगी ठरला नाही. ९०० अंशांच्या आसपास भाजलेला मात्र बाजारातल्या सक्रिय कार्बनच्या जवळ गेला. दिसायला दोन्ही काळेच. शिवाय पाण्यातला इतर सेंद्रिय गाळ छिद्रे बुजवत राहतो, म्हणून कोळसा ठरावीक काळाने बदलावाच लागतो.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडयुक्त विहिरींवर पऱ्हाटीच्या कोळशाचा उतारा कुणी सांगत असेल तर त्याला हात जोडावेत. साधा लाकडी कोळसा फ्लोराइड फारसे धरत नाही, नायट्रेटही नाही. केनियातल्या नाकुरू भागात फ्लोराइडसाठी कोळसा वापरतात तो हाडांचा. त्यात कार्बन थोडाच असतो. काम करते ते हाडातले कॅल्शियम फॉस्फेट. आपल्याकडे हाडांच्या कोळशातून गाळलेले पाणी किती घरांत प्यायले जाईल, हा प्रश्न वेगळा.

म्हणून बायोचारची पोती घेऊन कुणी बांधावर आले तर दोन गोष्टी विचाराव्यात. कोळसा किती आचेवर भाजला? आणि आमच्या मातीत कोणते विष आहे, हे तपासले का? दुसऱ्या प्रश्नासाठी घरातली मृदा आरोग्य पत्रिका कामाची नाही. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ बाबी असतात. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक त्यात नाहीत. ती तपासणी वेगळी मागून करून घ्यावी लागते.