मधले वाफे

७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचे शिक्षणमंत्री कार्ल फॉन राउमर यांनी एक हुकूम काढला आणि राज्यातल्या सगळ्या किंडरगार्टनांना टाळं लागलं. आरोप असा, की या बालशाळा म्हणजे फ्रोबेल यांच्या समाजवादी योजनेचा भाग असून तिथे पोरांना नास्तिक बनवण्याचा घाट आहे. पुरावा म्हणून एका पुस्तिकेचा हवाला दिला होता. पुस्तिका फ्रोबेलचीच होती, पण कार्ल फ्रोबेलची. ज्यांच्या पद्धतीच्या शाळा बंद झाल्या ते किंडरगार्टनचे जनक फ्रीडरिश फ्रोबेल हे त्याचे काका.

काका-पुतण्यांची प्रकरणं मराठी वाचकाला नवी नाहीत. इथला पेच मात्र वेगळाच आहे. फ्रीडरिश यांचे थोरले भाऊ ख्रिस्टोफ १८१३ मध्ये टायफसने गेले. त्यांची आणि दुसऱ्या एका भावाची मिळून पाच मुलं घेऊन फ्रीडरिश यांनी १८१६ मध्ये ग्रीसहाइमला पहिली शाळा काढली. कार्ल त्या पाचांतलाच. त्याचा सख्खा भाऊ यूलिउस हाही तिथलाच विद्यार्थी. हा यूलिउस पुढे फ्रँकफर्टच्या संसदेत लोकशाहीवाद्यांच्या बाजूला बसला. १८४८ मध्ये व्हिएन्नात पकडला गेला, त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली, माफी मिळाली आणि तो अमेरिकेला गेला. त्याच्या बरोबरचा रॉबर्ट ब्लूम मात्र गोळ्यांना बळी पडला. १८४८ची क्रांती चिरडून जेमतेम दोन-तीन वर्षं झालेली असताना राउमरसाहेबांनी फ्रोबेल हे आडनाव वाचलं आणि पुढचं फारसं वाचलं नसावं. ही माझी शंका. चूक लक्षात आणून दिल्यावरही बंदी उठली नाही हे मात्र खरं, आणि म्हणून ही निव्वळ नामसाधर्म्याची गंमत आहे असं मला वाटत नाही.

शाळांच्या इमारतींपेक्षा त्यांच्या आवारांचा नाद मला जुना आहे. त्या नादापायी म्हाताऱ्या फ्रोबेलचा १८५०चा एक छोटा निबंध हाती लागला. विषय एकच : बालशाळेतल्या मुलांच्या बागा. त्यांचं तत्त्वज्ञान बऱ्याचदा धुक्यात हरवतं, पण इथे हा माणूस जमिनीवर आहे. तरुणपणी वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी केलेली, बर्लिनमध्ये खनिजांच्या संग्रहालयात स्फटिक हाताळलेले. दोन्हींचा वास या लेखनाला आहे.

आराखडा असा. चौकोनी जागेच्या मधोमध मुलांचे छोटे वाफे, प्रत्येकाला आपला एक. त्यांना चहूबाजूंनी कवेत घेणारे सामाईक वाफे. त्यांत फुलं, भाज्या, धान्य, तेलबिया, म्हणजे गावाच्या शिवारात जे जे पिकतं त्याचा नमुना. मधून पायवाटा. प्रत्येक रोपापाशी नावाची पाटी, आणि मुलाच्या वाफ्यावर मुलाचंही नाव. जागा कमी पडली तर एका वाफ्यात दोघं, म्हणजे जुळवून घ्यायलाही शिकतील.

यातली खरी मेख मालकीत आहे. बाहेरच्या वाफ्यांची निगा सगळ्यांनी मिळून, शिस्तीने, मोठ्यांच्या देखरेखीखाली राखायची. आपल्या वाफ्यात मात्र मुलाने हवं ते, हवं तसं लावावं. पाणी जास्त झालं, रोप उपटून मुळं पाहिली, बी फार खोल गेलं, तर त्याची फळं त्यानेच पाहायची. शेजारच्या सामाईक वाफ्यात तेच पीक नीट वाढताना दिसतंच आहे. शिक्षकाने तोंड उघडायची गरज नाही. चुका करायची जागा नकाशात मोजून, मुद्दाम मधोमध ठेवणारा दुसरा नियोजक मला ठाऊक नाही. कॅनडातल्या लँडस्केप-अभ्यासक सुझन हेरिंग्टन यांनी ही बाग रूपक म्हणून सोडून न देता खरीखुरी बाग म्हणून वाचली. माझ्यासारख्याला त्यांचा मोठा आधार वाटतो.

बंदी आली तेव्हा फ्रोबेल मारिएनथालला राहत होते. ते ठिकाण प्रशियाबाहेरच्या संस्थानात, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या दाराला कुलूप लागलं नाही. पण २१ जून १८५२ रोजी ते गेले. बेर्था फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या बाईंनी पाठपुरावा सोडला नाही आणि १८६० मध्ये बंदी उठली. तोवर फ्रोबेलपंथी मंडळी लंडन-अमेरिकेत पोचली होती. मार्गारेटे शुर्त्स यांनी १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावी जर्मन बोलणाऱ्या पोरांसाठी वर्ग सुरू केला.

आता पाहा, सामानातून काय गेलं. लोकरीचे सहा रंगीत चेंडू. लाकडी गोल, दंडगोल आणि घन. आठ तुकड्यांत सुटणारा ठोकळा. फ्रोबेल यांची ही साधनं पेटीत बसत होती, बोटीवर चढत होती, मुख्य म्हणजे विकता येत होती. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या खेळण्यांच्या कारखानदाराने ती तयार करून विकली. बाग कोण विकणार? तिला जागा लागते, पाणी लागतं, सुट्टीत कुणीतरी लक्ष द्यावं लागतं. श्वाइना गावातल्या फ्रोबेल यांच्या समाधीवरही घन, दंडगोल आणि गोल एकावर एक रचलेले आहेत. वाफा नाही.

आपल्याकडे हा वारसा आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत, हे त्यांच्या धर्मांतराच्या वादात बुडून जातं. अमेरिकेतल्या मुक्कामात त्यांनी फिलाडेल्फियाला किंडरगार्टन पद्धतीचे धडे घेतले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या शारदा सदनात ती पद्धत रुजवली. पुढे मात्र ‘केजी’ म्हणजे बाक, फळा आणि इंग्रजी बडबडगीतं, असा जो ऱ्हास झाला त्याला रमाबाई जबाबदार नाहीत.

पेटीतली साधनं की बाग, हा प्रश्न ताराबाई मोडकांनी उलट्या बाजूने सोडवला. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या, माँटेसरीच्या साधनांत मुरलेल्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि महागडी साधनं बाजूला पडून शिंपले, बिया, खडे, पानं, माती आली. मुलं शाळेत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात भरवायची. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची पोरं गुरं राखायला जायची, म्हणून शिक्षक कुरणात जाऊ लागले. ती कुरणशाळा. आवाराचा आराखडा आखायची वेळच आली नाही, कारण पोरांनी आधीच निवडलेल्या जागेला शाळा म्हटलं गेलं. फ्रोबेल यांच्या मधल्या वाफ्याच्या इतक्या जवळ मला दुसरं कुणी गेलेलं दिसत नाही, आणि तेही कुंपणाशिवाय.

आज बऱ्याच शहरी शाळांच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसले आहेत. मातीने गणवेश मळतो, पालक तक्रार करतात. ‘निसर्गस्नेही कॅम्पस’ असेल तिथे हिरवळीवर ‘चालू नये’ अशी पाटी. त्यामानाने जिल्हा परिषदेच्या शाळा बऱ्या. शालेय पोषण आहारासाठी तिथे परसबागा झाल्या आहेत, त्यांच्या स्पर्धाही होतात. मेथी, पालक, वांगी, शेवगा, कुठे कुठे पपई. मुलं पाणी घालतात, भाजी दुपारच्या खिचडीत पडते. चांगलंच आहे, पण हे फ्रोबेल यांचे बाहेरचे वाफे झाले. स्पर्धेचे परीक्षक यायचे असतात, तेव्हा मेलेलं रोप परवडत नाही आणि गुरुजी स्वतःच खुरपं हातात घेतात. अशा प्रत्येक परसबागेच्या मधोमध चार हात जागा गुणांकनातून वगळावी, तिथे काय उगवलं किंवा वाळलं हे कुणी विचारू नये, एवढी एक ओळ स्पर्धेच्या नियमांत घालायला काय खर्च येतो? जागा कमी असेल तर एका वाफ्यात दोघं.