६७ आणि ६८च्या मधला एक किलो

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे निघालं की गोरेगाव तालुका लागतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या सुरू होतात. या पट्ट्यात उष्णा, म्हणजे धान वाफवून भरडलेल्या तांदळाची गिरणी डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. भिजलेल्या धानाचा आंबूस, उबट वास असतो तो, आणि कामगारांच्या कपड्यांतून तो घरापर्यंत जातो. अरवा, म्हणजे न वाफवता भरडलेल्या तांदळाच्या गिरणीला असा वास नाही. तिथे नुसती कोंड्याची धूळ. सरकारी धानाच्या भरडाईत या दोन प्रकारांसाठी दोन आकडे ठरलेले आहेत. एक क्विंटल धानामागे अरवा तांदूळ ६७ किलो, उष्णा तांदूळ ६८ किलो. धान तेच, शेत तेच, तरी मध्ये एक किलोचा फरक. हा किलो पाण्याचा नाही, कारण ओलाव्याची मर्यादा दोघांना एकच आहे. तुकड्यांना दिलेल्या सवलतीचाही नाही. सरकारी खरेदीच्या नेहमीच्या निकषांत अरव्यात २५ टक्क्यांपर्यंत तुकडा चालत आला आहे, उष्ण्यात मात्र १६च टक्के. अट कडक, आणि उतारा जास्त. म्हणजे दाण्याच्या आत काहीतरी खरोखर बदललेलं असतं. तो बदल घडवणारी शक्ती रसायनशास्त्रातल्या अगदी दुबळ्या बंधांपैकी एक आहे, आणि ती दुबळी आहे म्हणूनच हे काम जमतं.

तांदळाचा दाणा म्हणजे मुख्यतः स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. साखळीतल्या ग्लुकोजच्या प्रत्येक कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या साधारण तीन जोड्या मोकळ्या असतात. एका साखळीवरचा किंचित धनभारित हायड्रोजन शेजारच्या साखळीवरच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. लॅटिमर आणि रोडबुश यांनी १९२०मध्ये पाण्याच्या संदर्भात ही कल्पना मांडली, पुढे लायनस पॉलिंग यांच्या १९३९च्या ग्रंथाने ती रसायनशास्त्राच्या मध्यभागी आणली. साखळीच्या आतला कार्बन-ऑक्सिजन बंध तोडायला दर मोलमागे साडेतीनशेच्या आसपास किलोज्यूल लागतात. हायड्रोजन बंधाला वीसच्या आसपास. पहिला बंध गिरणीतली वाफ तोडू शकत नाही, तुटला तर स्टार्चच उरणार नाही. दुसरा बंध पाणी आणि उष्णता मिळून उघडतात, आणि पाणी निघून गेलं की तो पुन्हा जुळतो. उष्णा गिरणीचा सगळा व्यवहार या उघडण्या-जुळण्यावर चालतो.

धान हौदात भिजतं, टाकीत वाफवलं जातं, वाळतं, मग भरडाईला जातं. यातली भिजवणी थंड पाण्यात केली तर दोन-तीन दिवस खाते, आणि वासाचं मूळ तिथेच आहे, कारण तेवढ्या वेळात पाणी आंबतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने गरम पाण्यात भिजवण्याची पद्धत रुळवली, तेव्हा हे काम काही तासांवर आलं. पाण्याचा रेणू स्वतः हायड्रोजन बंध करणारा असल्यामुळे तो साखळ्यांच्या मधे शिरतो आणि त्यांचे आपसातले बंध स्वतःकडे वळवतो. वाफेखाली तापमान सत्तर अंशांच्या पुढे गेलं की स्टार्चच्या कणांतली स्फटिकासारखी शिस्त मोडते. कच्च्या स्टार्चचे कण ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फुलीसारखी खूण दाखवतात. पुरेसं वाफवल्यावर ती फुली नाहीशी होते. टाकीपाशी उभा असलेला कामगार सूक्ष्मदर्शक वापरत नाही. तो मूठभर धान काढून पाहतो, तुसाचं तोंड फाकलं की वाफ बंद करायला सांगतो. आतला स्टार्च फुगल्याशिवाय तूस फाकत नाही, तेव्हा दोघांची परीक्षा एकाच गोष्टीची आहे. त्याच्या कामाला कौशल्याचा दर्जा आणि मोल क्वचितच मिळतं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आक्षेप असा येऊ शकतो की यात हायड्रोजन बंधाचं कौतुक कशाला? उष्णतेने तूस सैल होतं, दाणा टणक होतो, एवढं म्हटलं तरी पुरे. पण तूसच या आक्षेपाला उत्तर देतं. तुसात भरपूर सेल्युलोज असतं आणि सेल्युलोजही ग्लुकोजचंच, त्यावरही त्याच ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. तरीही त्याच टाकीत, त्याच वाफेत ते फुगत नाही, शिजत नाही. सेल्युलोजमध्ये ग्लुकोजची कडी अशा दिशेने जोडलेली असतात की साखळी सरळ राहते. सरळ साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बसतात, आणि बंधांची ती रांग पाण्याला आत येऊ देत नाही. स्टार्चची साखळी वळणं घेते, मधे फटी राहतात. नुसती उष्णता सगळं करत असती तर दोघांची गत सारखीच झाली असती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दाणा टणक होण्यात प्रथिनांचाही हात असतो, आणि दाण्यातली थोडी स्निग्धता स्टार्चमधल्या अमायलोज या साखळीच्या वेटोळ्यात जाऊन बसते. तिथे तिला धरून ठेवणारी ओढ हायड्रोजन बंधापेक्षाही क्षीण असते. हे मान्यच करायला हवं. मात्र दाण्यात वजनाने सर्वांत जास्त स्टार्च आहे, आणि वाळताना पुन्हा एकमेकींना धरणाऱ्या साखळ्या त्याच्याच आहेत. शिळा भात कडक होतो तोही याच कारणाने.

त्या एका किलोचा उगम इथे सापडतो. उन्हाळी धान मे महिन्याच्या उन्हात पिकतं, दाण्याला आत बारीक चिरा जातात. असं धान अरवा भरडलं की चिरेवर दाणा मोडतो आणि तांदळाऐवजी कनकी हाती येते. ६७चा आकडा पदरात पडत नाही ही अरवा भरडणाऱ्यांची तक्रार म्हणूनच उन्हाळी हंगामात मला पटते. २०२१-२२मध्ये तेलंगणा आणि केंद्र सरकार यांच्यात उष्णा तांदळाच्या खरेदीवरून वाद पेटला, त्याच्या मुळाशीही रब्बी, म्हणजे उन्हाळी धानाची हीच मोडतोड होती. वाफवल्यावर फुगलेला स्टार्च चिरांमध्ये भरतो आणि वाळताना नव्या बंधांनी दोन्ही कडा सांधतो. चीर बुजते, दाणा अखंड राहतो, ६८ गाठता येतात. पण याच टप्प्यावर घाई अंगाशी येते. पाणी बाहेरच्या थरातून आधी जातं. ओलावा सोळा-अठरा टक्क्यांपर्यंत उतरल्यावरही गरम हवा तशीच चालू ठेवली तर बाहेरचा थर आखडतो, आतला मागे राहतो, आणि नुकता सांधलेला दाणा पुन्हा तडकतो. म्हणून मधे वाळवण थांबवून धान काही तास ढिगात ठेवावं लागतं, आतलं पाणी बाहेर येऊ द्यावं लागतं. एक किलो वाफेने दिलेला असला तरी तो टिकतो या थांबण्यामुळे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत उष्णा तांदळाला हलका मानतात. रंग पिवळसर, वास वेगळा, शिजायला वेळ जास्त, भात मऊ होत नाही. आवडीनिवडीशी वाद घालता येत नाही, पण हलका हा शब्द वस्तुस्थितीला धरून नाही. डच वैद्य आइकमान यांनी १८९०च्या दशकात जाव्हामध्ये पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार जडताना पाहिला. जीवनसत्त्वाच्या शोधाकडे नेणाऱ्या या कामासाठी त्यांना १९२९चं नोबेल मिळालं. आजार टाळणारं जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, पाण्यात विरघळतं. भिजवणीत आणि वाफेत ते कोंड्याच्या थरातून दाण्याच्या आत झिरपतं आणि पॉलिशनंतरही बरंचसं मागे राहतं. तेल मात्र पाण्याशी हायड्रोजन बंध करत नाही, ते कोंड्यातच राहतं.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. वाळलेलं एक क्विंटल धान भिजून ३० टक्के ओलाव्यावर गेलं तर ते पुन्हा १४वर आणायला सुमारे २३ किलो पाणी उडवावं लागतं, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना त्याच बंधांनी धरून असल्यामुळे दर किलोला साडेबावीसशे किलोज्यूलच्या घरात उष्णता जाते. एकूण बावन्न मेगाज्यूल. त्याच क्विंटलातून वीसेक किलो तूस निघतं, आणि ते बॉयलरमध्ये जाळलं तर याच्या काही पट उष्णता देतं. भट्टी बरीच गळकी असली तरी हिशेब तुटीचा होत नाही. सरपण धानच पुरवतं. विकत घ्यावं लागतं ते मजुराचं थांबणं, आणि हौदातलं आंबलेलं पाणी गावाच्या नाल्यात न सोडण्याची व्यवस्था. ६८च्या आकड्यात या दोन्हींची किंमत अजून कुणी धरलेली नाही.