दोनशे युनिटांच्या अलीकडे

मावला मंडळ आदिलाबाद शहराला खेटून, राष्ट्रीय महामार्ग 44 वर आहे. तेलंगणात 2024 पासून गृहज्योती योजनेत पात्र घरांना महिन्याला 200 युनिटांपर्यंत वीज फुकट मिळते. त्यापुढे गेलं की पूर्ण बिल. त्यामुळे टीव्ही नेमका किती वीज खातो, हे मोजण्याला इथे पैशांचा अर्थ आहे.

टीव्हीमागच्या पट्टीवरचा आकडा फारसा उपयोगी नाही. तो बहुधा कमाल मर्यादा सांगतो. क्लॅम्प मीटरही फसवतो. अख्ख्या वायरीभोवती लावला तर जवळजवळ शून्यच दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. एकटी फेज पकडून आकड्याला 230 ने गुणलं, तरी वॅट मिळत नाहीत. साध्या पॉवर सप्लायची उपकरणं व्होल्टेजच्या शिखराजवळच झटक्यानं करंट ओढतात, म्हणून गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा बराच मोठा येतो. बिल मात्र खऱ्या वॅटवर निघतं.

त्यापेक्षा भिंतीवरचा मीटर बरा. त्यावर 3200 इम्पल्स प्रतियुनिट लिहिलं असेल, तर बाकी सगळं बंद करून लाल दिव्याची उघडझाप मोजावी. 60 वॅटचा टीव्ही साधारण 19 सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकवतो. एका वॅटचा स्टँडबाय मात्र या पद्धतीनं पकडायला जाऊ नये: एका लुकलुकीला 19 मिनिटं लागतील, आणि अगदी क्षीण करंटवर मीटर जागचा हलतही नाही. तिथे प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर हवा.

पडद्याचं मोजमाप अवघड, कारण चित्रागणिक वॅट बदलतात. म्हणून आयईसी 62087 या आंतरराष्ट्रीय मानकात दहा मिनिटांची ठरावीक चित्रफीत लावून सरासरी काढतात. अमेरिकेतल्या एनआरडीसी या संस्थेनं 2016 मध्ये दाखवलं, की काही टीव्ही झटपट दृश्यं बदलणाऱ्या त्या फितीवर आपोआप मंद होतात आणि नेहमीच्या कार्यक्रमांवर तेवढे होत नाहीत. परीक्षेपुरता अभ्यास!

लेझर प्रिंटरचं तंत्र वेगळं. शाई वितळवणारा रूळ तापताना तो शेकडो वॅट ओढतो आणि मग गप्प बसतो. क्षणाचा आकडा निरर्थक, आठवड्याचे युनिटच मोजावेत. झेरॉक्सवाल्याला हे जास्त लागू, कारण दुकानाला गृहज्योती नाही.

पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटानं घराघरांत उपकरणांवर मीटर बसवून नोंदी घेतल्या, ती रीत मला योग्य वाटते. प्रयोगशाळेतला टीव्ही कोणी रात्रभर चालू ठेवून झोपत नाही. शिवाय खरा चोर अनेकदा शेजारीच असतो. पडदा 50 वॅटचा आणि रोज पाच तास चालला, तर महिन्याला साडेसात युनिट. त्याखालचा सेट-टॉप बॉक्स दिवसरात्र 10 वॅट घेत असेल, तर 7.2. रिमोटनं टीव्ही बंद होतो, पण बरेच बॉक्स तेवढीच वीज घेत राहतात. मीटर 195 वर पोचलेल्या घरानं आधी भिंतीवरचं बटण बंद करावं.