सूचक शब्दांची गाळणी : एका वर्ज्यसूचीचा भाषिक विचार

शोधयंत्राच्या चौकटीत दोनतीन अक्षरे उमटतात न उमटतात तोच खाली काही शब्दसमूहांची उतरंड दिसू लागते. ही उतरंड यंत्राने रचिलेली असली तरी तिचे द्रव्य लोकांचे असते. त्या अक्षरांनी आरंभ होणारे कोणते शब्द पूर्वी किती वेळा शोधिले गेले, याच्या गणनेवर ती मुख्यतः उभी राहते. शब्दार्थाचा एक भाग शब्दाच्या साहचर्यातून मिळतो, हे फर्थचे प्रतिपादन भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्या दृष्टीने पाहता सूचनांची ही उतरंड म्हणजे सहप्रयोगांचा एक सतत बदलणारा कोशच होय. या कोशातून काही शब्द हेतुतः वगळले तर काय घडते, याचे एक बोधप्रद उदाहरण उपलब्ध आहे.

गूगलने ही सोय २००४ साली प्रायोगिक स्वरूपात आणिली. डिसेंबर २०१० मध्ये, प्रताधिकारभंगाशी निकट संबंध असलेले शब्द यापुढे सूचनांत दिसू दिले जाणार नाहीत, असे तिने जाहीर केले व जानेवारी २०११ च्या अखेरीस ते अमलात आणिले. टॉरेंट, बिटटॉरेंट, यूटॉरेंट, रॅपिडशेअर, मेगाअपलोड हे शब्द नाहीसे झाले. येथे एक भेद लक्षात ठेविला पाहिजे : पूर्ण शब्द स्वतः टंकित करणाऱ्यास शोधफल पूर्ववत् मिळत होते. बंदी शब्दावर नव्हती. तो सुचविण्यावर होती.

वर्ज्यसूचीची खरी अडचण अशी की, ती शब्दाचे रूप ओळखते, प्रयोग ओळखीत नाही. ‘टॉरेंट’ हा मुळात वेगवान प्रवाहाचा वाचक इंग्रजी शब्द. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये सिद्ध केलेल्या बिटटॉरेंट पद्धतीमुळे त्यास नवा अर्थ लाभला. या पद्धतीत मोठ्या फाइलीचे लहान तुकडे होतात आणि घेणारे संगणकच ते एकमेकांस पुरवितात. हीच रीत चोरट्या चित्रपटास उपयोगी पडते, तशीच लिनक्सच्या वैध वाटपासही पडते. भिवंडीत २००७ साली वीजवितरण टॉरेंट पॉवर या कंपनीकडे आल्यापासून तेथील रहिवाशाच्या लेखी ‘टॉरेंट’ म्हणजे वीजबिल! एकाच रूपाचे हे तीन अर्थ वेगळे करावयास संदर्भ लागतो, आणि पहिली चार अक्षरे टंकित होताना संदर्भ जवळजवळ नसतोच.

सूचीत एकसूत्रीपणाही नव्हता. रॅपिडशेअर वगळले गेले, पण त्याच प्रकारची सेवा देणारे मीडियाफायर आरंभी राहिले. आपल्या नावातच चाचेगिरी मिरविणारे ‘पायरेट बे’ देखील आरंभी गाळणीतून सुटले. बिटटॉरेंट व रॅपिडशेअर या कंपन्यांनी आक्षेप घेतला, तो अकारण म्हणता येत नाही. व्यापारनामास असा अघोषित कलंक लागला तर त्याचे निवारण कोठे मागावयाचे?

तथापि दुसरी बाजूही दुबळी नाही. फ्रान्समधील ध्वनिमुद्रिका-उत्पादकांच्या संघटनेने असा दावा लाविला होता की, कलावंताच्या नावापुढे ‘टॉरेंट’ वा ‘मेगाअपलोड’ सुचविणे म्हणजे वाट दाखविणेच होय. खालच्या न्यायालयांनी तो फेटाळला. पण १२ जुलै २०१२ रोजी तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सूचना बंद केल्याने प्रताधिकारभंग पूर्णतः थांबणार नाही, एवढ्यावरून तो उपाय निरर्थक ठरत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

भाषाशास्त्रीय दृष्ट्या हा निर्णय विशेष विचारार्ह आहे. सूचना ही लोकांच्या शब्दांची केवळ मोजदाद असेल तर ती विधान ठरत नाही. ती वाट दाखवीत असेल तर ती उक्ती ठरते, आणि उक्तीला वक्ता असावा लागतो. जोवर यंत्र सर्वच शब्द मोजून पुढे ठेवीत होते तोवर वक्तेपण नाकारणे शक्य होते. निवड आरंभिल्यानंतर ते कठीण झाले. शिवाय वगळलेल्या शब्दाच्या जागी कोणतीही खूण नसते. कोशातील गाळलेल्या नोंदीप्रमाणे, पूर्वी पाहिलेल्यासच उणीव जाणवते.

पुढे मेगाअपलोड जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी कारवाईने, आणि रॅपिडशेअर मार्च २०१५ अखेर स्वतःहून बंद पडले. सूचीतील त्या दोन नावांना निर्देश्य वस्तूच उरली नाही. ‘टॉरेंट’ मात्र आपल्या सर्व अर्थांसह प्रचारात राहिला.