दंड आणि उभी रेघ

सकाळी ६. चहा उकळेपर्यंत लॅपटॉप उघडला. मराठी विकिस्रोतासाठी मी गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ टंकतो आहे. नाटक १८९९चं, देवल १९१६ला गेले, त्यामुळे प्रताधिकाराची अडचण नाही. आम्हा नाशिककरांना खरं तर ‘नटसम्राट’ हवं. पण त्याचे लेखक तात्यासाहेब शिरवाडकर गेले १९९९ला आणि कायदा म्हणतो, मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे २०६० उजाडायला हवं!

६.३०. संवाद हातानं सजवले की भुजंगनाथ या पात्राच्या नावापुढे एका पानावर विसर्ग, दुसऱ्यावर रेघ. म्हणून साचा केला. दुहेरी महिरपी कंस, आत तीन कप्पे: पात्र, कंसातली सूचना, वाक्य, मधे उभ्या रेघा. नाव ठळक, ‘स्वगत’ तिरपं, सगळं आपोआप. उद्या विसर्ग नको वाटला तर एकदाच साच्यात बदलायचा, सगळ्या पानांवर बदलतो.

९ ते ६. नोकरी.

६.३०. येताना सार्वजनिक वाचनालयात डोकावलो. १८४०ची संस्था, तिथे बसलं की आपलं टंकन फारसं जुनं काम वाटत नाही. आणि ‘शारदा’ तर याच गावच्या इतिहासात आहे. २१ डिसेंबर १९०९ला कलेक्टर जॅक्सन विजयानंद नाट्यगृहात याच नाटकाच्या प्रयोगाला आला होता आणि तिथेच अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या.

८.३०. घोटाळा. शारदेच्या पदाचा उत्तरार्ध पानावरून गायब! टंकलेला तर होता. तासभर साच्यालाच शिव्या दिल्या. चूक माझी निघाली. पदात चरण संपला की दंड येतो, आणि तो कळफलकावर सापडेना म्हणून मी इंग्रजी कळीची उभी रेघ ठोकत होतो. दिसायला जुळे भाऊ. पण साच्याच्या लेखी उभी रेघ म्हणजे पुढचा कप्पा. चौथा कप्पा त्याला ठाऊकच नाही, त्यामुळे तिथला मजकूर तो मुकाट गिळतो. चूक झाल्याचा इशारासुद्धा देत नाही. गद्य संवादात दंड येतच नाही, तिथे हे कधी कळलंच नसतं.

१०.३०. सगळ्या पदांत खरे दंड घातले. मूळ छापील पानाशी ताडून पान पिवळं केलं, म्हणजे एकदा तपासलेलं. हिरवं करायला दुसरा माणूस लागतो. स्वतःचं पान स्वतःला हिरवं करता येत नाही. घरी जुनी ‘शारदा’ असेल आणि अर्धा तास मोकळा असेल, तर विकिस्रोतावर या.